चर्चचं बांधकाम वर चढतंय, बुधवारचा वचनाभ्यास मात्र खाली बसलाय. काय करावं?

पंचगंगाकाठची

सर्वांना सलाम.

आमची मंडळी करवीर तालुक्यातली, शहरापासून फार लांब नाही. पस्तीसेक कुटुंबं. निम्मी शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, काही ऊस आणि म्हशींवर, काही रोजंदारीवर, दोन-चार शिक्षक, तीन नर्स. मी पतसंस्थेत काउंटरला बसते, एवढ्या पात्रतेवर मंडळीचा खजिना माझ्या गळ्यात पडलाय. आजवर उपासना एका सभासदाच्या गोठ्यावरच्या माळ्यावर होत आली. खाली म्हशी, वर स्तोत्रं. त्यांना आता निम्मी गाणी पाठ झाली असतील.

जागा घेतली, ट्रस्टच्या नावावर चढली, बिगरशेती झाली, नकाशा मंजूर झाला, कोनशिला बसली. इथवर सगळे आनंदात. मग पाया खणायला घेतला. अंदाजपत्रकात पाच फूट धरले होते. काळी माती संपेचना. नऊ फुटांवर कुठं मुरूम लागला आणि तिथंच जमा पैशातला मोठा घास गेला. आता प्लिंथचं, म्हणजे जोत्याचं, काम चालू आहे.

त्या दिवसापासून मंडळीत दुसरा विषय नाही. बुधवारी संध्याकाळी वचनाभ्यास असायचा. फिलिप्पैकरांस पत्र घेतलं होतं, ते दुसऱ्या अध्यायात अडकून पडलंय. बुधवार आता कमिटीचा झाला. आधी एक छोटी प्रार्थना, मग सळईचा दर, क्रशसँडचा दर, कुणाचा मेहुणा किती स्वस्तात देतो, आणि शेवटी आवाज चढतात. तरुण पोरं पहिल्या दोन बैठकांना आली, नंतर फिरकली नाहीत. त्यातल्या एकानं मला तोंडावर सांगितलं, "आक्का, ते आमचं काम नव्हं. तुम्ही भांडून झालं की बोलवा."

मला सगळ्यात जास्त खुपतं ते रविवारी. उपासनेच्या शेवटी कबूल केलेल्या वर्गणीची यादी वाचतात. अमुक कुटुंब, कबूल पंचवीस हजार, जमा पाच, बाकी वीस. कुटुंबप्रमुखाचं नाव घेऊन. मी पहिल्याच वेळी विरोध केला होता, पण "लाज वाटल्याशिवाय पैसे सुटत नाहीत" असं उत्तर मिळालं. आमच्यात एक मावशी आहेत, कपिलतीर्थ मंडईत भाजी विकतात. अर्पणाच्या पिशवीत त्यांची नोट मला न बघता ओळखू येते, चार घड्या घातलेली, ओच्यात राहून मऊ पडलेली. यादी सुरू झाल्यापासून त्या शेवटच्या गाण्याच्या आधी उठतात. चपला हातात घेऊन जिना उतरतात, आवाज नको म्हणून. घालायच्या खाली गेल्यावर.

आणखी दोन भानगडी आहेत. मूळचे इथलेच, आता पुण्यात असलेले एक सद्गृहस्थ स्लॅबचा सगळा खर्च द्यायला तयार आहेत. अट एकच, समोरच्या भिंतीवर, क्रुसाच्या खाली, त्यांच्या आईवडिलांच्या नावाचा ग्रॅनाइट. कमिटीतले निम्मे लोक आत्ताच टाळ्या वाजवतायत. दुसरं म्हणजे आमचा मिस्त्री. माणूस सोन्यासारखा, पण स्लॅबच्या दिवशी नारळ फोडल्याशिवाय मिक्सर चालू करणार नाही म्हणतो. यावरून दोन घरांत बोलणं बंद आहे.

पाळकसाहेब भले आहेत, पण थकलेत. ते म्हणतात, "आधी डोक्यावर छप्पर येऊ दे, मग शिष्यत्वाचं बघू." त्यांचं ते "मग" माझ्या गळी उतरत नाही. इमारत कशाला हवी, असं म्हणणारी मी नाही. मला ते चर्च हवंय, खिडक्यांसकट. पण आत जाऊन बसणारी माणसं तोवर कुठल्या तऱ्हेची झालेली असतील?

काम काही महिने थांबवावं का? ज्यांच्या मंडळीनं यातून वाट काढली आहे त्यांनी लिहावं. उपदेश नको, काय केलं ते सांगा.

---

शिरोलीकर

ताई, थांबवू नका. निदान आत्ता तरी नाही.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात तिच्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर उभारलेली भिंत तडकणारच. मुरमापर्यंत गेलात ते बरं केलंत, ते जादा चार फूट बुडीत धरू नका. आता एवढं बघा की पायाच्या खड्ड्यात तीच काळी माती परत कुणी ढकलत नाही ना. मुरूम भरायचा, थराथरानं, पाणी मारून, धुमस करून. कंत्राटदार इथंच हात मारतात, कारण वर फरशी बसली की कुणाला दिसत नाही.

प्लिंथ बीम झाल्यावर पावसाळ्यापुरतं थांबलात तर चालेल. वर आलेल्या कॉलमच्या सळयांना सिमेंटचं पातळ पाणी लावा, गंज कमी धरतो. त्याच्या आधी अर्धवट थांबलात तर पैसे पाण्यात, आणि आपल्याकडचं पाणी काय असतं ते सांगायला नको.

त्यावरून आठवलं, जोत्याची उंची ठरवताना २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते जुन्या माणसांना विचारा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे सगळ्यांना पाठ आहे, पण तुमच्या गल्लीत पाणी नेमकं कुठं शिरतं हे बंधाऱ्यावरच्या पट्टीत दिसत नाही. पूररेषेचा नकाशा आर्किटेक्टनं पाहिला असेल, तरी एकदा स्वतः बघा.

आणि स्लॅबच कशाला? मध्ये कॉलम नको असलेल्या हॉलला स्लॅब टाकायचा तर बीम जाडजूड लागतात, सळई भरमसाट. लोखंडी ट्रस, म्हणजे पत्र्याच्या छपराचा सांगाडा, उद्यमनगरात बनवून मिळेल, खर्च बराच खाली येईल. तोटा एकच, जुलैमधल्या आपल्या पावसात पत्र्याखाली प्रवचन ऐकू येत नाही. (काही पाळकांच्या बाबतीत मंडळीला तो फायदा वाटेल.) खाली चांगलं सीलिंग केलंत तर आवाज आवरतो. स्लॅबच करणार असाल तर मोठ्या बीमचे टेकू २१ दिवस काढू देऊ नका, सेंट्रिंगवाला कितीही घाई करू दे. त्याला सामान दुसऱ्या साइटवर न्यायचं असतं.

वचनाभ्यासाचं जाणत्यांनी सांगावं. मी फौंड्रीतला माणूस.

---

जुना ओव्हरसियर

ताई, सलाम. सरकारी बांधकाम खात्यात नोकरी झाली, आणि मंडळीत वडील (एल्डर) म्हणूनही बरीच वर्षं गेली. पन्हाळ्याच्या बाजूला आमचं एक चर्च जोत्यापासून उभं राहताना पाहिलंय, साइटवर रोज जाऊन. तेव्हा थोडं लांबेल.

"आधी छप्पर, मग शिष्यत्व" हे तुमच्या पाळकांचं वाक्य. "आधी शिष्यत्व, मग छप्पर" असं उलटं म्हणणारेही भेटतील. मला दोन्ही मान्य नाहीत. लूकचा चौदावा अध्याय काढा. बुरूज बांधायचा तर माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, नाहीतर पाया घालून अडकतो आणि लोक हसतात, हा दाखला प्रभूनं बिल्डिंग कमिटीपुढं सांगितलेला नाही. शिष्य व्हायला निघालेल्या गर्दीला सांगितलाय. शिष्यत्वाबद्दल बोलताना त्याला आठवलं ते अंदाजपत्रक. सुताराच्या घरात वाढलेला, त्याला अर्धवट पडलेली कामं माहीत असणार. पाच फूट धरून नऊ फूट गेलेल्या मंडळीला तो अध्याय आज जेवढा कळेल तेवढा म्हशींच्या माळ्यावर कधी कळला नसता.

भांडणांचं मला फार वाईट वाटत नाही. कारण सांगतो. मिशनरी वाईल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, १८७० पासून काम अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडं आलं. शहरातलं वाईल्डर मेमोरियल, मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेला दवाखाना, आमच्या कोडोलीचा दवाखाना, शाळा, बंगले, सगळं त्या काळातलं किंवा त्या कामातून आलेलं. मिशनऱ्यांना नावं ठेवायला हे लिहीत नाही, माझी आई त्यांच्याच बोर्डिंगात शिकली. पण आपल्याला एक सवय लागली. इमारत असतेच, आपण फक्त जाऊन बसायचं, आणि गळती लागली की चर्च कौन्सिलला अर्ज करायचा. तुमची मंडळी ऊसबिलातून आणि दहा दिवसांच्या दूधबिलातून चर्च बांधतेय. सळईच्या दरावरून आवाज चढतात, कारण पैसे स्वतःच्या खिशातले आहेत. परक्याच्या पैशावर कुणी भांडत नाही.

आता यादी. ती या रविवारपासून बंद करा. यावर मी मवाळपणे बोलणार नाही. "लाज वाटल्याशिवाय पैसे सुटत नाहीत" म्हणणाऱ्यांना दुसरे राजे, बारावा अध्याय वाचायला द्या. योआश राजानं मंदिराच्या दुरुस्तीसाठी पैसे गोळा करायला सांगितले, आणि त्याच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी याजकांनी एक भगदाड बुजवलेलं नव्हतं. मग त्यांनी काय केलं? एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि वेदीच्या बाजूला ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून पैसे मोजत, आणि ते कामावर देखरेख करणाऱ्यांमार्फत सुतार, गवंडी, पाथरवटांच्या हातात जात. कुणी किती टाकले याची नोंद त्या अध्यायात नाही. मोजायला दोघं बसत, याची आहे.

आम्ही हेच केलं. पेटी ठेवली, आणि दाराशी एक फळा. फळ्यावर देणाऱ्याचं नाव नाही. या आठवड्यात एकूण जमा इतके, सिमेंटची पोती इतकी, मजुरी इतकी, शिल्लक इतकी. शेजारी बिलांच्या झेरॉक्स टाचणीनं लावलेल्या. लोक उपासनेनंतर फळ्यापुढं उभे राहायचे. एका शाळकरी पोरीनं खडीच्या बिलातली बेरीज चुकलेली पकडली, पुरवठादारानं मुकाट्यानं पैसे परत केले. आणि मोजायला बसणाऱ्यांत एक रोजंदारीवाला असलाच पाहिजे असा ठराव केला. तुमच्या मंडईतल्या मावशींना बसवा. आयुष्यभर सुट्टे पैसे मोजणारा हात आहे तो, तुमच्या पतसंस्थेच्या मशीनला ऐकणार नाही.

दुसरा नियम आम्ही पाळला तो मजुरीचा. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी मजुरांचा पगार चुकता झालाच पाहिजे, मग कंत्राटदाराचं बिल पास होवो न होवो. याकोबाच्या पाचव्या अध्यायात अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी जातो असं आहे. चर्चच्या साइटवरून तो आवाज उठला तर आत काय गाणार? एका आठवड्यात पेटी रिकामी होती. तेव्हा वडील मंडळींनी आपापसात पैसे काढले आणि पगार झाला. त्याची घोषणा झाली नाही, पण बातमी फुटायची ती फुटलीच, आणि मला वाटतं त्या महिन्यातलं सगळ्यात चांगलं प्रवचन तेच होतं.

बुधवारचा अभ्यास बंद करू नका, साइटवर न्या. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान दहा दिवस पाणी लागतं, मी चौदा धरतो. हे पाणी मारण्याचं काम कंत्राटदाराच्या वॉचमनवर सोडलंत तर तो कॉलमला बांधलेली पोती वरवर ओली करून झोपतो. आम्ही ते तरुण संघाकडं दिलं. पोरांना चर्चा नको असते, नळी द्या. अर्धा तास पाणी मारायचं, मग तिथंच जोत्यावर सतरंजी टाकून नहेम्याचा तिसरा अध्याय. एरवी तो अध्याय सगळे गाळतात, यरुशलेमचा कोट बांधणाऱ्यांची नुसती नावं आहेत म्हणून. मला तर तो आमच्या खात्याचा मस्टर रोल वाटतो, कोण कुठल्या भागावर कामाला होता त्याची नोंद. सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं करणारे आहेत, शल्लूम आपल्या मुलींना घेऊन आलाय. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. आणि तकोवाच्या सरदारांनी कामाला मान वाकवली नाही, तेही लिहून ठेवलंय! पाणी मारून चिखलात बरबटलेल्या पोरांना हा अध्याय समजावून सांगावा लागला नाही. आपल्यातले तकोवाचे सरदार कोण यावर त्यांची चर्चा इतकी रंगली की मला आवरती घ्यावी लागली.

ग्रॅनाइटचं उत्तरही तिथंच आहे. नावं कोरणं वाईट असतं तर नहेम्यानं ती लिहिली नसती. पण ती बांधलेल्या भागाची नावं आहेत, दिलेल्या रकमेची नाहीत. त्या गृहस्थांना प्रेमानं सांगा, आईवडिलांचं नाव मंडळीच्या पुस्तकात लिहू, त्यांच्या नावानं दरवर्षी एका मुलाची फी भरू, पण क्रुसाखाली कुणाचंच नाव नाही. पैसे गेले तर जाऊ देत. शिरोलीकर म्हणतात तसा ट्रस टाका.

नारळाचं. आमच्याही मिस्त्रीचा हाच हट्ट होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, बाबा, मिक्सर तुझा, श्रद्धा तुझी, तुझ्या मशीनपुढं तू काय करायचं ते कर, मी आड येत नाही. मंडळीच्या वतीनं मात्र आम्ही प्रार्थनाच करणार. त्यानं रस्त्याकडेला मिक्सर उभा होता तिथं नारळ फोडला. नंतर पाळकांनी स्लॅबखाली उभं राहून प्रार्थना केली, वर चढणाऱ्या एकेका मजुराचं नाव घेऊन, कुणाला खरचटूसुद्धा नये म्हणून. आधी नावं विचारून कागदावर लिहून घेतली होती. पाटी उचलणारी एक बाई म्हणाली, "माझं नाव कुणी देवापुढं घेतलं नव्हतं आजवर." दुपारी मटणाचं जेवण सगळ्यांनी एका पंगतीत केलं, स्लॅबची रीत ती. ज्या दोन घरांत बोलणं बंद आहे त्यांना १ करिंथच्या आठ ते दहा अध्यायांच्या अभ्यासाला शेजारी शेजारी बसवा. असाच वाद करिंथात होता, मूर्तीला वाहिलेलं खावं की नाही याचा. पौलानं सरळ होय किंवा नाही असं उत्तर दिलेलं नाही, दुर्बल भावाचं काय होईल ते आधी बघ म्हणाला.

---

माहेर कोल्हापूर

ओव्हरसियर काकांचं बरंचसं पटलं, पण सगळं इतकं गोड होत नाही हो.

मी वाढले ती मंडळी अशीच इमारतीत रुतली. नाव घेत नाही. समर्पण सोहळा झाला, बिशप आले, जेवणावळ झाली. त्यानंतर रंग, मग साउंड सिस्टिम, मग एसी, मग पेव्हिंग ब्लॉक. बांधकाम कधी संपलंच नाही, फक्त त्याचं नाव बदलत गेलं. आमचा संडे स्कूल मात्र मागच्या जिन्याखालीच भरत राहिला. जोत्यावर सतरंजी टाकून अभ्यास छान, पण चौदा दिवस पाणी मारून झाल्यावर पोरांचं काय? नळी हातातून गेली की त्यांना परत "तुम्ही मागे बसा" ना?

पहिली कित्येक वर्षं मंडळ्या घरातच भरत होत्या. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांचं घर, फिलेमोनाचं घर. सीरियात दुरा-युरोपस इथं उत्खननात सापडलेलं चर्च इ.स. २४० च्या सुमारासचं, आणि तेही मुळात राहतं घरच. दोन खोल्यांमधली भिंत काढून मोठी खोली केली, एका खोलीत बाप्तिस्म्याची सोय. बस्स. मी पुण्यात आहे तिथं आम्ही घरोघरीच जमतो, आणि भाकरी मोडताना समोरच्याच्या घरात गॅस संपलाय की पगार झालेला नाही हे कळतं. हॉलमध्ये पाठी दिसतात फक्त.

तरी तुम्ही बांधताय, तर बांधा. पण दोन गोष्टी. बुधवार सगळाच्या सगळा साइटवर नेऊ नका. अंधार, उघड्या सळया, साप-किरडू, कडेवर मूल घेऊन बाई कशी येणार? एक बुधवार साइट, एक बुधवार घर, असं करा. आणि घराची सुरुवात भाजीवाल्या मावशींच्या घरापासून. त्या यादी ऐकायला थांबत नसतील, पण त्यांच्या दारात मंडळी आली तर चहा करतील.

दुसरं, नकाशात संडासबाथरूम कुठं आहे? बायकांसाठी वेगळं? व्हीलचेअर चढेल असा उतार? मुलांच्या वर्गाला खोली? हे आत्ता प्लिंथलाच ठरतं, नंतर "फेज टू" म्हणतात. फेज टू मी अजून कुठं झालेली पाहिली नाही. मंडळी कुणाला आपलं मानते हे मला तरी वेदीपेक्षा संडासाच्या नकाशावरून जास्त कळतं.

---

पंचगंगाकाठची

सगळ्यांचे आभार. काल कमिटी झाली, आवाज चढले, पण काही ठरलंही.

यादी बंद. शिरोलीकर, तुमचा पूररेषेचा मुद्दा मांडल्यावर दोन म्हातारे उठून थेट साइटवर गेले आणि शेजारच्या घराच्या भिंतीवर २०२१ ची खूण दाखवली. जोतं आणखी फूटभर वर घेतोय. ट्रस की स्लॅब याचं भांडण पुढच्या बुधवारी. पुण्याच्या गृहस्थांना पाळकसाहेब स्वतः फोन करणार आहेत, मला त्यातून काही निघेलसं वाटत नाही, पण पाळकांनी ते स्वतःकडं घेतलं हेच नवल.

मावशींच्या घरी मी गेले होते. पैसे मोजायला बसाल का विचारलं. म्हणाल्या, "बसंन, पर चष्मा करून द्या. आन् मोजताना कुणी बोलायचं न्हाई माझ्याशी, आकडा चुकतोय." महिला मंडळ चष्म्याचं बघतंय. घरसभेचं विचारल्यावर मात्र त्या गप्प झाल्या. घर लहान आहे म्हणाल्या. मी जास्त ताणलं नाही.

माहेर कोल्हापूर, संडास नकाशात आहे, पण पाठीमागे, तीन पायऱ्या उतरून. उतार कुठंच नाही. तुमची पोस्ट मी कमिटीत मोठ्यानं वाचली. आर्किटेक्टला परत बोलावलंय, मागचा भाग उचलून घेता येतो का बघायला. जोतं वर जातंच आहे, तर उतार लांब लागेल, जागा कमी पडते की काय अशी धास्ती आहे.

ओव्हरसियर काका, मला खजिनदार म्हणून विचारायचंय. पेटीतले पैसे निनावी, मग पावती कुणाच्या नावानं? ऑडिटर मला खाईल. आणि एका घरची आत्या अमेरिकेत आहे, ती डॉलर पाठवते म्हणते. घ्यायचे का?

---

जुना ओव्हरसियर

ताई, पेटीचा पैसा "अर्पणपेटी" म्हणून एकच नोंद. मोजणी त्याच दिवशी, दोघांच्या सह्या रजिस्टरवर, आणि बँक उघडली की सगळी रक्कम खात्यात. पेटीतून परस्पर सिमेंटवाल्याला पैसे द्यायचे नाहीत, कितीही घाई असो. आधी जमा, मग चेक. ज्याला पावती हवी त्यानं तुमच्याकडं नाव सांगून द्यावेत, त्याची पावती फाडा, फक्त ते नाव फळ्यावर येणार नाही. दोन्ही वाटा उघड्या ठेवा. ऑडिटरला याची पद्धत लिहून ठरावासकट दाखवा, म्हणजे वर्षअखेरीला वाद नाही.

आत्याचे डॉलर जरा थांबवा. तिच्याकडं अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि ती स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर तो परदेशी निधी धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र मूळची कोल्हापूरची असली तरी तिचे पैसे परदेशी निधीच, आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसलेल्या ट्रस्टनं त्याला हात लावायचा नाही. नोंदणी असली तरी ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. सीए ला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

उतारासाठी जागा कमी पडत असेल तर तो सरळ काढू नका, भिंतीला धरून मधे एक वळण द्या. फुटाला बारा फूट लांबी धरा, त्याहून खडा नको. आणि स्लॅब ठरलाच तर तारीख काढताना कॅलेंडरात अमावस्या बघा. त्या दिवशी मिस्त्री येणार नाही, त्यावर वचनाभ्यास घेऊन उपयोग नाही.

---

पंचगंगाकाठची

आत्याच्या पासपोर्टचं आज रात्रीच विचारते. फळा आमच्या शाळेच्या भंगारात एक पडलाय, हेडबाईंना मागितलाय. पेटी करायला सुतार ठरला, पण झाकणाचं भोक केवढं पाडायचं यावर कमिटीत दोन मतं आहेत.